‘येतो’ या बटणाची बखर

विद्यादेवता प्रसन्न, वीजपुरवठा प्रसन्न, इंटरनेट अधूनमधून प्रसन्न. आज्ञा जाहली की, आबासाहेबांचा आवाज गेला, तो परत आणावयास कन्या ताईसाहेब यांनी नव्या फोनाच्या मुलखात मोहीम केली, ती कैसी आरंभिली, कोठे अडली, कोणी मदत केली आणि कोणी नुसती मदतीची भाषा केली, हे सर्व आदिपासोन अंतापर्यंत लेहून ठेवणे. आज्ञा आईसाहेबांची. त्यांच्या घरचे मीठ खाल्लेले, तेव्हां नकार कोणत्या तोंडाने द्यावा? म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो. कोणाचे उणे लेहिले गेले तर ते मुळातच उणे होते ऐसे समजावे. जावईबापूंनी रागे भरू नये. भरल्यास आमचा इलाज नाही.

पूर्वपीठिका ऐसी जे, आबासाहेब मंडईत फळांचा लिलाव पुकारीत. उमर त्यात गेली. आवाज ऐसा की, मंडईच्या या टोकास बोली पुकारावी आणि त्या टोकास पोत्यावर निजलेल्या हमालाने दचकोन उठून भलत्याचीच पेटी उचलावी. घरीही तोच आवाज चाले. जेवताना मीठ मागितले तर शेजारीण वाटी घेऊन दारी उभी राही. मग कामातून निवृत्त जाहले, आणि संध्याकाळची स्वारी गल्लीच्या टोकास सलूनबाहेरच्या बाकावर जाऊ लागली. तेथे माजी पोस्टमास्तर हे त्यांचे नित्याचे गनीम. वाद कशावरोन, हे गौण. पोस्टमास्तरांनी उजवे म्हणावे आणि आबासाहेबांनी डावे म्हणावे, मग दोघांचे पाणी पिऊन व्हावे, मग पोस्टमास्तरांनी डावे म्हणावे आणि आबासाहेबांनी उजवे म्हणावे, ऐसी रीत होती आणि दोघेही त्यात सुखी होते.

मग आबासाहेबांच्या गळ्यास गाठ जाहली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा हुकूम काढिला. स्ट्रेचर ढकलीत नेऊ लागले तेव्हां आबासाहेबांनी मान वळवून आईसाहेबांस एकच शब्द सांगितला, “येतो.” कारण त्या घरची शिस्त ऐसी की, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना कोणी जातो म्हणो नये, येतो म्हणावे, आतल्या माणसाने या म्हणावे, मग खुशाल कोठेही जावे. आईसाहेबांनी “या” म्हटले. आबासाहेब आले. आवाज आला नाही.

डॉक्टर बोलिले की, पूर्वीचा आवाज आता विसरावा, परंतु सराव केल्यास घोगरे, हळू, घरच्यापुरते बोलणे जमेल. आबासाहेबांनी इस्पितळातच आरशासमोर एकवार यत्न केला. सायकलच्या ट्यूबमधोन हवा जावी ऐसा ध्वनी निघाला. तो त्यांनी ऐकिला आणि ओठ मिटले, ते मिटलेच. जो माणूस मंडई हलवी त्याने फुसफुस करावी, हे त्यांस मानवेना. मग पाटी आणि पेन्सिल आणविली. बाकावर पाटी घेऊन गेले, परंतु लढाईत पाटी चालत नाही. आबासाहेबांनी ‘साफ चूक’ ऐसे लेहून पाटी वर करावी तोवर पोस्टमास्तर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत, आणि आबासाहेबांची साफ चूक भलत्याच, बिचाऱ्या बरोबर असलेल्या वाक्यास जाऊन लागे. बाकावरची मंडळी हसली. वाईट हेतूने हसली नाहीत, परंतु हसली. दुसरे दिवसापासोन आबासाहेबांनी चपला काढिल्या त्या फळीवर ठेविल्या, आणि संध्याकाळ होताच खिडकीशी खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करोन बसू लागले. खिडकीशी बसोन भिंत पाहणारा माणूस आईसाहेबांस पाहवेना. हे लिहिताना आमचाही हात जड होतो, तरी पुढे चालवितो.

ते समयी फोनांच्या दोन जुन्या पातशाह्या पृथ्वीवर नांदत होत्या, आणि तिसरी एक नवीन उदयास आली होती, तिचा डंका फार आणि वस्ती थोडी. जावईबापू हे ताईसाहेबांचे यजमान, याच घरी राहणारे, नव्याचे भोक्ते. त्यांनी तिसऱ्या पातशाहीचा फोन आणोन श्वशुरांस नजर केला. त्याची अक्षरे मोठी, बटणे ठसठशीत, चष्म्याविना वाचता यावे ऐसा. आबासाहेबांची मर्जी त्यावर बसली. परंतु त्या पातशाहीचा ॲपांचा बाजार पाहों जाता तेथे शुकशुकाट. एक विजेरी लावणारे ॲप, एक दिशा दाखविणारे, आणि एक काचेत उगाच मासा फिरविणारे. मुक्या माणसातर्फे मराठीत बोलेल ऐसे काही नाही. फोनास आमची भाषा वाचता येई, बोलता येत नसे. दूरदेशी वाढलेल्या भाच्याची गत, कळते सगळे, बोलत काही नाही. जावईबापूंनी फोन बदलून आणण्याची तयारी दाखविली. आबासाहेबांनी पाटीवर लेहिले, ‘नको. अक्षर दिसते.’ तो विषय तेथे मिटला.

मग सुट्टीच्या दुपारी जेवणाच्या मेजावर मसलत बसली. ताईसाहेब या टायरांच्या एका कारखान्यात संगणकाचे काम करीत, कोणता टायर कोणत्या फळीवर आहे हे त्यांचा प्रोग्राम सांगे. फोनावरचे ॲप त्यांनी उभ्या जन्मात केले नव्हते. तरी मनसुबा केला आणि बोलिल्या, “आबा, मी करते. बटण दाबलं की फोन बोलेल, पाटीची भानगड नको. तुम्हाला काय काय बोलायचंय तेवढं लिहून द्या.”

आबासाहेबांनी पाटी घेतली, पहिली ओळ लेहिली, ‘साफ चूक.’

जावईबापू बोलिले, “अगं, सोपं असतं ते. मी व्हिडिओ बघितलाय. अर्ध्या तासाचं काम.” अर्धा तास म्हणजे किती, हे वाचणारांस पुढे यथावकाश कळो येईल.

येणेप्रमाणे मोहिमेस आरंभ जाहला. प्रथम रसद. तिसऱ्या पातशाहीचे फर्मान ऐसे की, ज्यास आमच्या मुलखात ॲप बांधणे आहे त्याने आमच्या अवजारांचा खजिना आधी आपल्या संगणकी उतरवून घ्यावा. खजिना प्रचंड. उतरता उतरता घरातील सारे इंटरनेट गिळोन बसला, आणि आईसाहेबांची मालिका ऐन रंगात असता पडद्यावरची सासू तोंड उघडे ठेवोन थिजली, ती संध्याकाळभर तैसीच राहिली. आईसाहेबांनी एरवी खपवून घेतले नसते. परंतु काम आबासाहेबांचे, म्हणोन त्या उघड्या तोंडाच्या सासूसमोर बसोन त्यांनी मुकाट भाजी निवडली. मग अर्ध्या वाटेत खजिना अडला, सबब संगणकी जागा नाही. शोध घेता जागा जावईबापूंच्या सूर्यास्तांनी व्यापिली होती. गच्चीवर उभे राहोन त्यांनी तोच सूर्य त्याच टाकीमागे बुडताना शेकडो वेळ टिपिला होता. ताईसाहेबांनी सूर्यास्त पुसण्याचा हुकूम काढिला. जावईबापूंनी हरकत घेतली की, प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. मग तह जाहला की, सूर्यास्तांस दुसऱ्या एका डबीत हद्दपार करावे आणि ती डबी जावईबापूंच्या उशाशी असावी. खजिना उतरला.

मग तोतयाचे प्रकरण. नव्या पातशाहीची रीत ऐसी की, खऱ्या फोनास हात लावण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावर एक तोतया फोन उभा करावा, जे काय चुकायचे ते त्यावर चुकावे. रीत शहाणपणाची आहे, परंतु घरचा संगणक वयस्क. तोतया उभा राहता राहता संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीगत घरघरू लागला आणि वरचा भाग ऐसा तापला की जावईबापूंनी त्यावर हात शेकले. शेवटी तोतया उभा राहिला. पातशाहीच्या मार्गदर्शक पोथीत लेहिले होते की, पहिल्या प्रथम जगास नमस्कार करणारे ॲप बांधावे, हे अति सुलभ आहे. जे काम अति सुलभ म्हणोन पोथीत लेहिलेले असते तेथेच माणसाचा घाम निघतो, हे पोथी लिहिणारांस कोणी सांगावे? ताईसाहेबांनी पोथीबरहुकूम ओळी लेहिल्या, आणि साऱ्या ओळींखाली लाल रेघा उठल्या. वाचले, पुन्हा वाचले. जावईबापूंनी मागे उभे राहोन सल्ला दिला की, संगणक बंद करोन चालू करावा. केला. रेघा जागच्या जागी. मग ताईसाहेबांनी बोट ठेवोन एकेक ओळ चाळली, तो पहिल्याच ओळीत एक महिरपी कंस उघडलेला, तो कोठे मिटलाच नव्हता. दार उघडे टाकून फौज पुढे गेलेली. कंस मिटविताच तोतयाच्या तोंडावर ‘नमस्कार’ ही अक्षरे उमटली. आईसाहेब पदराला हात पुसत आल्या होत्या, त्यांनी पडद्यास उलट नमस्कार केला. आबासाहेबांनी भिंतीवरची नजर काढोन वळून पाहिले. इतकेच जाहले, परंतु ताईसाहेबांच्या ते ध्यानी आले.

आता खऱ्या फोनावर चाल करावयाची. त्याचा दरवाजा गुप्त. सेटिंगांच्या तळघरात उतरावे, फोनाचा क्रमांक लेहिला असेल तेथे बोटाने टिचक्या मारीत राहावे, मग फोन कबूल होतो की ‘आपण आता विकासक आहात,’ म्हणजे ॲप बांधणारे. टिचक्या मारण्याचा मान जावईबापूंनी मागून घेतला, आणि विकासक जाहल्याची खबर त्यांनी कचेरीतल्या स्नेह्यांस तत्काळ रवाना केली. मग फोन व संगणक यांत केबल जोडिली. संगणक म्हणे फोन दिसत नाही. केबल काढिली, लाविली, उलटी लाविली, फुंकर घातली. दिसत नाही. खजिना उपसोन पुन्हा भरिला. फोन मात्र दर वेळी चार्ज होई, खुशाल हिरवा दिवा दाखवी. कचेरीतून आल्यावर रोज संध्याकाळी हाच वेढा, आणि रोज माघार. ताईसाहेबांस अन्न गोड लागेना. त्यांस वाटो लागले की, आपणास टायर मोजण्यापलीकडे काही येत नाही, आणि उगाच बापास आशा लाविली. तैसे एके दिवशी जेवताजेवता बोलोनही दाखविले.

मग त्यांनी सारे सोडोन ती केबलच हाती घेतली आणि विचारिले, “ही कुठली आहे?”

“चांगली आहे ती. माझीच आहे,” जावईबापू बोलिले. “दाढीच्या मशीनबरोबर आलेली.”

भेद फुटला. ती केबल नुसती वीज नेई, खबर नेत नसे. बाहेरोन दिसावयास सभ्य, काळी, गुळगुळीत, आणि आतून फितूर. इतके दिवस गोटात बसोन तिने फौज थकविली आणि ज्याने ती आणिली त्याच मालकाने मोहिमेस सल्ले दिले. ताईसाहेबांनी ती केबल गुंडाळोन जावईबापूंच्या हाती ठेविली. ते उठोन दुकानी गेले आणि दुसरी केबल घेऊन आले. ती लावताच संगणकास फोन दिसला, आणि फितूर केबलीस रद्दीचा गठ्ठा बांधण्याची शिक्षा जाहली.

मग आवाजाचा प्रश्न. फोनास मराठी बोलता येत नाही, तेव्हां बटणामागे कोणा माणसाचा आवाज भरावा लागणार. ताईसाहेब आपला भरू गेल्या, तो आबासाहेबांनी मान हलविली. मुलीच्या आवाजात पोस्टमास्तरांशी भांडणे त्यांस प्रशस्त वाटेना. घरात दुसरा पुरुष एकच. जावईबापूंचा आवाज उत्तम, हे त्यांनी स्वतः कबूल केले. बाहेरचा गलका नको म्हणोन कपड्यांच्या कपाटात, कोटांमध्ये डोके घालोन त्यांस उभे केले, आणि ताईसाहेब आबासाहेबांच्या पाटीवरचे एकेक वाक्य वाचून देऊ लागल्या. साफ चूक. तुम्हाला काय कळतंय? हे मी मागेच सांगितलं होतं. उगाच शहाणपणा नको. पंखा बंद करा. हातभर जीभ आणि बोटभर अक्कल.

कपाटातून जावईबापूंचा आवाज आला, “हे सगळं आबा नक्की कोणाला म्हणणार आहेत?”

“तू म्हण आधी.”

“नाही, पण अंदाज असलेला बरा.”

“कोटाला म्हणतोयस असं समज.”

येणेप्रमाणे वाक्ये भरली आणि ताईसाहेबांनी दर वाक्यास एक बटण केले, मोठे, रंगीत, आबासाहेबांच्या अंगठ्यास पुरेल ऐसे. शेवटी सर्वांखाली ॲप मिटवावयाचे बटण. त्यावर ‘बंद’ लेहावयाचे. परंतु ताईसाहेबांच्या हातून ‘येतो’ ऐसे लेहिले गेले. निघताना त्या घरात जे म्हणतात तेच बोटांनी लेहिले. विचार केला नाही, हे ध्यानी ठेवावे, कारण पुढचे सर्व त्यावरोन घडले.

आता शिक्कामोर्तब राहिले. नव्या पातशाहीत शिक्क्याविना ॲप फोनात शिरो शकत नाही, मग ते स्वतःच्या बापाकरिता का असेना. ॲप परीक्षकांकडे धाडिले. ते कोठल्या मुलखातील कोण, ईश्वर जाणे, परंतु भाषा जाणणारा कोणी त्यांनी पुसला असावा, कारण खलिता उलट आला तो ऐसा: ‘आपल्या ॲपात “मी येत आहे” या अर्थाचे बटण आहे. ते दाबले असता ॲप जाते. ही विसंगती आहे. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.’ ताईसाहेब रागावल्या. बटणाचे नाव बदलणे क्षणाचे काम होते, परंतु आता गोष्ट नावाची राहिली नव्हती. त्यांनी उत्तर धाडिले: ‘आमच्या भाषेत जाणारा माणूस येतो असेच म्हणतो. जातो म्हणणे अशुभ. ज्याला परत यायचे आहे तो येतो म्हणून जातो. सबब विसंगती नाही.’ मग शिक्का आला. पटले की कंटाळले, हे आम्हांस ठाऊक नाही.

ॲप फोनात शिरले. आबासाहेबांनी फोन हाती घेतला आणि बटणांवरोन नजर फिरविली. जावईबापू सोफ्यावर बसोन सांगत होते, “आबा, माझं ऐका, नव्या फोनची बॅटरी पहिल्यांदा पूर्ण उतरू द्यायची आणि मगच...”

“साफ चूक,” फोन बोलिला, जावईबापूंच्याच आवाजात.

“नाही आबा, मी वाचलंय की...”

“उगाच शहाणपणा नको.”

“अहो, पण...”

“हातभर जीभ आणि बोटभर अक्कल.”

आपलीच तोफ, आपलाच गोळा आणि आपलाच बुरूज, ऐसी जावईबापूंची अवस्था जाहली. आईसाहेब हसो लागल्या, त्या भिंतीस टेकल्या, डोळे पुसू लागल्या तरी हसणे थांबेना. इस्पितळातून आल्यापासोन त्या घरात कोणी ऐसे हसले नव्हते. आबासाहेबांच्याही मिशा हलल्या. जावईबापूंनी पराभव स्वीकारिला आणि तो मोठ्या मनाने स्वीकारिला, हे लेहिणे आम्हांस भाग आहे.

मग आबासाहेब उठले. इस्त्रीचा सदरा घातला, फळीवरच्या चपला काढिल्या, झटकिल्या, पायांत घातल्या. बाकावर निघाले, हे सर्वांस कळले. दाराशी गेले, फोन वर धरिला, अंगठ्याने ‘येतो’ दाबिले. ॲप मिटले. फोन मुका. आबासाहेबांनी ॲप पुन्हा उघडिले, पुन्हा दाबिले. पुन्हा मिटले. आईसाहेब स्वयंपाकघरात हातात ओगराळे घेऊन उभ्या, काही ऐकू येते काय म्हणोन. मग आबासाहेबांनी चपला काढोन फळीवर ठेविल्या, नीट जोडीने ठेविल्या, आणि खिडकीशी जाऊन बसले.

ताईसाहेबांनी कपाळास हात लाविला. बटण ॲपाकरिता होते, आबासाहेबांनी ते स्वतःकरिता समजले. आणि त्यात त्यांची चूक काय? बटणावर तैसेच लेहिले होते. लगोलग दुरुस्तीची तजवीज केली; एकदा शिक्का लागला की किरकोळ दुरुस्ती केबलीनेच फोनात उतरत असे. जावईबापू पुन्हा कोटांत शिरले आणि ‘येतो’ म्हणोन बाहेर आले. आता बटण दाबताच फोन आधी येतो म्हणेल, मग मिटेल. दुसरे दिवशी संध्याकाळी आबासाहेब चपला घालोन दाराशी गेले आणि दाबिले.

“येतो,” फोन खणखणीत बोलिला.

स्वयंपाकघरातून आईसाहेबांचा आवाज आला, “अहो जावईबापू, लगेच कुठं निघालात? चहा टाकलाय, घेऊन जा!”

“मी इथंच आहे, आई,” सोफ्यावरून जावईबापू बारीक आवाजात बोलिले.

आईसाहेब दारात आल्या, आबासाहेबांकडे पाहिले, आपण काय बोलोन गेलो हे त्यांस कळले आणि तोंडावर हात ठेविला. जन्मभर ज्या शब्दास त्यांनी या म्हटले तो शब्द त्यांनी दुसऱ्याचा म्हणोन ओळखिला, यात त्यांचा गुन्हा नव्हता. आबासाहेबांनी चपला काढिल्या. पाटी घेतली आणि लेहिले, ‘हा एक शब्द दुसऱ्याचा नको.’

आबासाहेबांचा स्वतःचा ‘येतो’ कोठे सापडावा म्हणोन ताईसाहेबांनी जुने व्हिडिओ धुंडाळिले. आपल्या लग्नाच्या व्हिडिओत आबासाहेब जागोजाग बोलताना दिसत होते, परंतु वरोन बँड वाजत होता. मोहीम येथे हरली, ऐसे त्यांस वाटले. पोथीत यावर उपाय नव्हता आणि पातशाहीच्या खजिन्यात तैसे अवजार नव्हते. मग त्यांनी एक गोष्ट केली. बटण पहिल्यासारखे करोन ठेविले: दाबिले की फोन मुका. कचेरीस निघताना ते आबासाहेबांस दाखविले आणि बोलिल्या, “आबा, हे मी परत पूर्वीसारखं केलंय. दाबलं की फोन गप्प बसतो. तेवढा शब्द तुम्हीच म्हणा.”

आबासाहेबांनी भिंतीकडे तोंड केले.

“घोगरा तर घोगरा. डॉक्टर म्हणालेत ना आवाज येतो म्हणून? आणि आईला काय मंडईत माल घ्यायचाय? स्वयंपाकघरापर्यंत पोचला की झालं.”

आबासाहेबांनी वळोन न पाहता अंगठा हलविला. “साफ चूक,” फोन बोलिला.

“बरं. चूक तर चूक. येते,” ताईसाहेब बोलिल्या आणि गेल्या. जिन्यात त्यांचे डोळे भरोन आले, हे त्यांनी कोणास सांगितले नाही.

त्या संध्याकाळी कोणी आबासाहेबांस काही पुसले नाही. ताईसाहेब कचेरीतून आलेल्या, जावईबापू सोफ्यावर, आईसाहेब आत भांडी विसळीत. आबासाहेब उठले. सदरा घातला, चपला घातल्या, दाराशी गेले. जावईबापू काही सल्ला देणार तो ताईसाहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबोन धरिला. आबासाहेबांनी ‘येतो’ दाबिले. फोन मिटला. तो त्यांनी खिशात टाकिला, आणि तोंड उघडिले. नुसती हवा निघाली. आत नळ बंद जाहला. आबासाहेबांनी दाराची चौकट एका हाताने धरिली, मान खाली घातली, आणि मग जड खुर्ची फरशीवरोन सरकावी तैसा आवाज आला, खरखरीत, तुटका, मंडईतल्या कोणी ओळखिला नसता.

“येतो.”

आईसाहेब बाहेर आल्या नाहीत. धावत याव्या ऐसे त्यांच्या फार मनात होते, परंतु शिस्त ऐसी की आतोनच उत्तर द्यावे. ओटा धरोन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, “या.” तो आवाजही काही फार धड नव्हता. आबासाहेब जिना उतरले.

बाकावर पोस्टमास्तर सांगत होते की, या रस्त्यावर पूर्वी झाडे डाव्या बाजूस होती. “साफ चूक,” मागोन तरणा आवाज आला. पोस्टमास्तरांनी चमकोन इकडेतिकडे पाहिले, मग फोन पाहिला, मग धरणारा पाहिला. “बरं झालं आलात,” ते सरकोन जागा करीत बोलिले. “इतके दिवस मी म्हणेन ते बरोबरच होत होतं. काही म्हणजे काही मजा नव्हती.” मग उजेड असेतोवर तुंबळ जाहले. झाडे कोणत्या बाजूस होती याचा निकाल लागला नाही, तो लागावा ऐसे कोणास वाटतही नव्हते.

फत्तेचा तपशील लिहावयाचा तो ऐसा. ॲप तिसऱ्या पातशाहीच्या बाजारात मांडिले आहे, मासा फिरविणाऱ्या ॲपाच्या शेजारी. घेणारे आजमितीस एक, खुद्द आबासाहेब. जावईबापूंस सूर्यास्त परत मिळाले आणि संगणकी फितूर केबल न आणण्याची ताकीद मिळाली. त्यांचा आवाज आता रोज संध्याकाळी बाकावर पोस्टमास्तरांस अक्कल शिकवितो, आणि जावईबापू स्वतः तेथोन जाताना मुद्दाम हळू चालतात, ऐसी बातमी आहे. ताईसाहेबांस टायरांच्या कारखान्यात कोणी विचारिले की, फोनाचे ॲप करणे अवघड का? त्या बोलिल्या, सगळे सोपे, शेवटचे बटण अवघड.

आणि त्या दिवसाचे शेवटले कलम, ज्याकरिता ही बखर लेहविली. अंधारून येता आबासाहेब जिना चढोन वर आले. दार नुसते लोटलेले होते. आईसाहेब ताटे मांडीत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारिले, “आलात?” फोन आबासाहेबांच्या खिशात होता. त्यांनी तो काढिला नाही. “आलो,” बोलिले. इस्पितळात येतो म्हणोन गेलेला आवाज येणेप्रमाणे घरी पोहोंचला, अर्धामुर्धा, थकलेला, परंतु पोहोंचला. या कागदाखाली आईसाहेबांच्या ओल्या हाताचा ठसा, तोच शिक्का आणि तेच मोर्तब.